मुंडी द्या चाचा, पण फोडू नका

गल्लीतल्या मटणवाल्या चाचांना मी पहिल्यांदा म्हणलो, "मुंडी द्या, पण फोडू नका, जबडा अख्खा पायजे," तर ते सुरी हातात तशीच धरून बघत बसले. "काय बे, भेजा काढायचा नाय तर मुंडी कशाला घेतो?" आता त्यांना आर्किओझूऑलॉजी कुठून सांगायची! उत्खननात निघालेली जनावरांची हाडं ओळखायचं शास्त्र, मराठीत प्राणी-पुरातत्त्व. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात याची लॅब आहे. एमए, नेट, पीएचडी असा लांबचा रस्ता, आणि पुढं जागा मोजक्याच, हे आधीच सांगितलेलं बरं.

काम काय, तर पोत्यानं तुकडे येतात आणि प्रत्येक तुकडा कुठल्या जनावराचा, कुठलं हाड, डावं की उजवं, जळलंय का, सुरीचे वळ आहेत का, हे बघत बसायचं. अख्खं हाड क्वचितच मिळतं, कारण नळी फोडून चोखायची सवय आपल्याआधी हजारो वर्षांची आहे. आणि ओळखायचं म्हणजे शेजारी आजच्या जनावराचं हाड ठेवून ताडून बघायचं, म्हणून चाचांची मुंडी. घरी आईनं एक जुनं पातेलं "हे तुझंच, परत किचनमध्ये आणायचं नाय" म्हणून दिलंय. मंद आचेवर शिजवायचं, खळखळ उकळलं तर हाड खडूसारखं होतं, मग कपड्याच्या पावडरीत भिजवून तेल काढायचं, सावलीत वाळवायचं.

दातांची गंमत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात फिरलेल्याला लगेच कळंल. खिल्लार खोंडाचा ओठ वर करून लोकं सांगतात, आदत आहे (अजून दुधाचेच दात), दुसा आहे (दोन पक्के दात), चौसा आहे (चार). पण हे पुढचे दात मातीत गळून पडतात, आमच्या हातात बहुतेक वेळा फक्त दाढा लागतात. शेळीच्या खालच्या जबड्यात एक दुधाची दाढ असते, तीन पाळ्यांची, ती साधारण दोन वर्षांच्या सुमाराला पडते आणि तिथं दोन पाळ्यांची पक्की दाढ येते. म्हणजे तीन पाळ्यांची ती दाढ जागेवर असली की जनावर कवळं असताना कापलंय. असे शेकडो जबडे मोजले की गावाचा हिशोब लागतो. सेबास्टियन पेन या संशोधकानं 1973 मध्ये हे तुर्कस्तानातल्या जबड्यांवर मांडून दाखवलं: लहान नर लवकर कापलेत तर दूध महत्त्वाचं, मेंढरं म्हातारी होईपर्यंत ठेवलीत तर लोकर. घोंगडीवाल्या धनगरांना यात नवीन काहीच नाय.

ही नजर घेऊन इनामगावकडं बघा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर 1968 ते 1983 खोदकाम झालं, आणि ती घोड भीमेला मिळते, भीमा आपल्या पंढरपुराला येते, म्हणजे वरच्या अंगाचे शेजारीच की ते. इ.स.पू. 1600 ते 700 चं गाव. शेवटच्या काळात पाऊस कमी झाला आणि लोकं गाईबैलांपेक्षा शेळ्यामेंढ्यांवर जास्त विसंबायला लागली, असं पुरातत्त्वज्ञ एम. के. ढवळीकरांनी मांडलं. दुष्काळात मोठं जनावर विकायचं नि शेळ्या राखायच्या, हे सांगोला-मंगळवेढ्याला कुणी शिकवायला नको.

अडचण एकच, शेळी आणि मेंढी यांची हाडं. शिंगांच्या आतलं हाड आणि पायाची काही हाडं वेगळी ओळखू येतात, बरगडी दिली तर मी सरळ "शेळी/मेंढी" लिहून मोकळा होतो. हाडातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनावरून फरक सांगणारी टेस्ट आहे, पण आपल्या उन्हात कोलॅजन टिकतंच असं नाय. त्यात काळवीट आलं की डोकं उठतं, आकार शेळीएवढाच. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर जिवंत काळविटं उड्या मारताना दिसतात, पण मेलेल्याचं हाडसुद्धा उचलायचं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यानं वनखात्याची परवानगी पायजे. त्यामुळं माझ्या रॅकवर चाचांच्या कृपेनं शेळ्या भरपूर, काळविटाचा खण अजून रिकामा.