गोळी तपासून गोळी चांगली आहे हे कळत नाही

फार्मात, म्हणजे औषध उद्योगात, नसलेल्या कुणालाही विचारा की औषध चांगलं झालंय हे कंपनीला कसं कळतं, तर उत्तर ठरलेलं, त्यात काय, लॅबमध्ये टेस्ट करतात की. करतातच. पण गंमत अशी की त्या शेवटच्या टेस्टवर सगळ्यात कमी भरवसा असतो तो क्वालिटीवाल्यांचाच, आणि तो का नसतो हे एकदा डोक्यात बसलं की मग ती ऑडिटं, त्या पानापानावरच्या सह्या, त्या बॅच रेकॉर्डच्या थप्प्या कशासाठी चालल्यात तेही आपोआप कळतं.

साधा हिशोब करू. इंजेक्शनच्या हजारो व्हायलची, म्हणजे छोट्या बाटल्यांची, एक बॅच आहे आणि समजा त्यातल्या दर १०० मागे १ व्हायलमध्ये जंतू राहिलेत. म्हणजे बॅच भयानकच आहे. आता मोठ्या बॅचमधून स्टरिलिटी टेस्टला, म्हणजे जंतू आहेत का ते बघायच्या टेस्टला, व्हायल जातात साधारण २०, कारण टेस्ट करायची म्हणजे व्हायल फोडायची आणि फोडलेली व्हायल विकता येत नाही, सगळ्याच तपासल्या तर विकायला काय उरणार. एक व्हायल स्वच्छ निघायची शक्यता ०.९९, वीसच्या वीस स्वच्छ निघायची शक्यता म्हणजे ०.९९ चा २० वेळा गुणाकार, तो येतो ०.८२ च्या आसपास. म्हणजे ही भयानक बॅच १०० पैकी ८२ वेळा टेस्टमधून आरामात पास होणार. बरं, १०० मागे ५ व्हायल खराब असल्या तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळा पासच. आणि हजारात एक खराब असेल तर विचारूच नका, ९८ टक्के पास. या टेस्टचा निकाल यायला १४ दिवस लागतात, त्या दोन आठवड्यांनंतर हातात येतो तो "स्टराईल" असा शिक्का आणि त्या शिक्क्याची खरी किंमत ही एवढीच.

गोळ्यांचंही तेच. दहा लाख गोळ्यांच्या बॅचमधून प्रत्येक गोळीत औषध सारखं आहे का ते बघायला घेतात १०, शंका आली तर आणखी २०. बाकीच्या लाखो गोळ्यांबद्दल आपण जे म्हणतो ते त्या बनवताना काय घडलं यावरच अवलंबून असतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर १९७२ सालची डेव्हनपोर्टची गोष्ट ऐका. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या हॉस्पिटलच्या डेव्हनपोर्ट विभागात ऑपरेशन झालेल्या पेशंटना डेक्स्ट्रोजचं सलाईन लावलं, त्यात जंतू वाढलेले होते आणि पाच जण गेले. बाटल्या आदल्या वर्षी १९७१ मध्ये बनलेल्या. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या मोठ्या कुकरसारख्या यंत्रातून, काढलेल्या, टेस्ट केलेल्या, टेस्टमध्ये पास झालेल्या. चौकशीसाठी क्लोदियर समिती बसली आणि जे बाहेर आलं ते आजही क्यूएच्या, म्हणजे क्वालिटीची हमी बघणाऱ्यांच्या, ट्रेनिंगमध्ये सांगतात: ऑटोक्लेव्हमधल्या वरच्या बाटल्या नीट तापल्या होत्या, खालच्या तापल्याच नव्हत्या, कारण आत हवा अडकून राहिली होती.

इथे जरा थांबू, कारण यातलं विज्ञान भारी आहे. वाफ जंतू मारते ते नुसती गरम असते म्हणून नाही. १२१ अंशाची वाफ थंड बाटलीला लागली की तिचं पाणी होतं आणि पाणी होताना तिच्यात दडलेली प्रचंड उष्णता, एक किलो वाफेमागे साधारण २,२०० किलोज्यूल, ती सगळी बाटलीला मिळते. तेवढ्याच गरम हवेत हा प्रकार नाही, म्हणून तर ओव्हनमध्ये हात घालून पटकन काढता येतो पण कुकरच्या वाफेचा चटका जन्मभर लक्षात राहतो. आता चेंबरमधून हवा नीट बाहेर काढली नाही तर ती वाफेपेक्षा जड असल्यामुळे खाली बसते आणि खालच्या बाटल्यांभोवती वाफ पोचतच नाही. यात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे प्रेशरचा काटा. काट्याला वाफ आणि हवा यातला फरक कळत नाही, तो दोघांचं मिळून प्रेशर दाखवतो, त्यामुळे काटा म्हणतो सगळं ओके आणि खाली बाटल्या कोमट.

पण मशीनने सांगितलं नाही असंही नाही हो. त्या ऑटोक्लेव्हला तापमान कागदावर नोंदवणारं एक यंत्र होतं आणि त्याने दाखवलं होतं की तापमान चढलेलंच नाही. पण ते यंत्र अधूनमधून वेडंवाकडं दाखवतं हे सगळ्यांना माहीत होतं, दुसरे काटे बरोबर होते, मग धरलं की यंत्रच बिघडलंय, आणि बॅच पुढे गेली. मला या गोष्टीत सगळ्यात अस्वस्थ करतं ते हे. कुणी बदमाशी केली नव्हती. बिघडलेल्या यंत्राची सवय झाली होती, बस.

मग करायचं काय? तर १९७० च्या दशकात अमेरिकेच्या एफडीएमधल्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेतल्या, टेड बायर्स आणि बड लॉफ्टस या दोघांनी एक कल्पना लावून धरली, तिला आज व्हॅलिडेशन म्हणतात. म्हणजे शेवटी माल तपासण्यापेक्षा आधी प्रोसेस सिद्ध करायची. ऑटोक्लेव्ह खच्चून भरायचा, बाटल्यांमध्ये जागोजागी तापमानाचे सेन्सर सोडायचे, सगळ्यात उशिरा तापणारा कोपरा शोधायचा, तिथे उष्णतेला अतिशय चिवट असणाऱ्या जिओबॅसिलस नावाच्या जंतूचे बीजाणू मुद्दाम ठेवायचे आणि ते पण मेले पाहिजेत. हे एकदा नाही, साधारणपणे लागोपाठ तीनदा. यातून जी खात्री मिळते ती दहा लाखात एखादीच बाटली खराब राहील इतकी असते, आणि हा आकडा २० बाटल्या फोडून कधीच, कुणालाच काढता येणार नाही. मात्र या खात्रीला एक अट आहे, की उद्यापासून दर वेळी अगदी तस्संच केलं पाहिजे. तेवढीच वाफ, तेवढाच वेळ, तसंच लोडिंग. आणि तसंच केलं याला पुरावा काय? तर कागद. म्हणून तो कागद.

आता ऑडिटर काय करतो ते समजायला सोपं जाईल. लोकांना वाटतं तो येऊन औषध तपासतो. तो औषधाला हातसुद्धा लावत नाही बहुतेक वेळा, तो रेकॉर्ड आणि वास्तव यांची सांगड बसते का ते बघतो. रेकॉर्ड तपासायला एक जुनी मोजपट्टी आहे, अल्कोआ म्हणतात, एफडीएच्या स्टॅन वूलन यांनी १९९० च्या दशकात चालू केलेली: नोंद कुणी केली ते कळतं का, वाचता येते का, काम झालं तेव्हाच केली का, मूळ आहे का, बरोबर आहे का. यात सगळे घसरतात ते "तेव्हाच" वर. शिफ्ट संपताना आठवून आठवून लॉगबुक भरणं हा जगभरचा रोग आहे, भरणाऱ्याला त्यात काही चुकीचं वाटतही नाही कारण त्याच्या मते काम तर केलंय ना. पण आठवून लिहिलेलं तापमान नेहमी गोल आकड्यातच असतं, आणि कमी तापमान कधीच कुणाला आठवत नाही.

म्हणून अनुभवी ऑडिटर फार स्वच्छ रेकॉर्ड दिसलं की जास्त वेळ तिथेच बसतो. वर्षभर क्लीनरूममध्ये जंतू पकडायला ठेवलेल्या प्लेटवर जंतूंची एकही कॉलनी नाही, रोज शून्य शून्य शून्य? माणसं आत जातात, श्वास घेतात, त्यांची त्वचा झडते, शून्य नेहमीच कसं काय येईल, म्हणजे कुठल्या प्लेट कुणी कधी वाचल्या ते आधी दाखवा. वजन केल्याची वेळ अकरा दहा आणि त्याच माणसाची दुसऱ्या खोलीतल्या मशीनवर सही अकरा बाराला, मधे गाऊन बदलायलाच दहा मिनिटं लागतात. लेबलं छापली किती, लागली किती, फाडून टाकली किती, बेरीज जुळते का? मोठ्या गैरव्यवहाराचा धागा कधी कधी कचऱ्याच्या डब्यात फाडून टाकलेल्या कागदात सापडलाय, त्यामुळे काही ऑडिटर आल्या आल्या डबेच बघतात, आणि मला हे अजिबात अतिरेकी वाटत नाही.

लॅबमध्ये तर वेगळीच करामत. एचपीएलसी मशीन औषधातले घटक वेगळे करून ग्राफवर टेकड्या काढतं, टेकडीखालचं क्षेत्रफळ म्हणजे त्या घटकाचं प्रमाण. आता ती टेकडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ही रेघ कॉम्प्युटर मारतो पण माणसाला हाताने सरकवता येते. जरा इकडे सरकवली की नको असलेली अशुद्धी लिमिटच्या आत. किंवा आधी "ट्रायल" नावाने मशीनमध्ये सॅम्पलचं एक इंजेक्शन मारून बघायचं, निकाल वाईट आला तर तो फोल्डरमध्ये पुरून टाकायचा आणि नंतर अधिकृत सॅम्पल लावायचं. हे पकडायला ऑडिट ट्रेल असतो, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच ठेवलेली डायरी, कुणी किती वाजता काय बदललं, काय पुसलं. ऑडिटर हल्ली प्रिंटआऊट मागत नाहीत, शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात लॉगिन करा.

नापास निकालाचं काय करायचं यावरून अमेरिकेत १९९३ साली कोर्टात एक गाजलेला निकाल लागला, सरकार विरुद्ध बार लॅबोरेटरीज ही औषध कंपनी, जज अल्फ्रेड वोलिन. मुद्दा असा होता की नापास निकाल आला की पास येईपर्यंत परत परत टेस्ट करायची, नाहीतर सरासरी काढायची, हे चालेल का. सरासरीची लबाडी बघा, लिमिट आहे ९० ते ११०, तीन निकाल आले ८९, ८९ आणि ९२, सरासरी बरोब्बर ९०, पास! तीनपैकी दोन नापास असताना. कोर्टाने सांगितलं की आधी कारण शोधा, चूक लॅबची होती हे दाखवता आलं तरच तो निकाल बाजूला ठेवा. आज प्रत्येक क्यूसीमध्ये, म्हणजे माल तपासणाऱ्या लॅबमध्ये, निकाल लिमिटबाहेर गेला की ओओएस नावाची जी चौकशी चालते, जिच्या नावाने ॲनालिस्ट बोटं मोडतात, तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

चौकशीवरून आठवलं. मूळ कारणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त काय लिहिलेलं असतं? "मानवी चूक". आणि उपाय? "संबंधितास पुन्हा ट्रेनिंग दिले." मी असे डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याचे रिपोर्ट, इतके वाचलेत की आता पहिलं पान बघून शेवटचं पान सांगू शकतो. माणूस चुकला हे खरंच असतं, पण का चुकला, दोन एकसारखे दिसणारे वॉल्व्ह शेजारी शेजारी का होते, एसओपी, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारी लेखी पद्धत, साठ पानांची का होती, एकच माणूस दोन मशीन का बघत होता, हे विचारलं की पैसे खर्च करावे लागतात, ट्रेनिंगची सही मात्र फुकट मिळते. चांगला ऑडिटर अशाच ठिकाणी खिळा ठोकून बसतो: याच चुकीवर गेल्या वर्षी पण ट्रेनिंग दिलं होतं, मग ती परत कशी झाली?

इतकं सगळं असूनही ऑडिट म्हणजे रामबाण नाही, हेही सांगायला हवं. ब्लडप्रेशरच्या वाल्सार्टन या औषधात २०१८ साली एनडीएमए नावाचा, कॅन्सर होण्याची भीती असलेला पदार्थ सापडला आणि देशोदेशी माल परत मागवावा लागला. झालं असं की एका चिनी उत्पादकाने २०१२ मध्ये कच्चं औषध बनवायची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत डायमिथाईलफॉर्मामाईड हे सॉल्व्हंट वापरायचे, आणि उरलेलं अझाईड हे रसायन नष्ट करायला सोडियम नायट्राईट टाकायचे. सॉल्व्हंट थोडंसं फुटून त्यातून डायमिथाईलअमाईन निघायचं, नायट्राईटशी त्याची गाठ पडली की एनडीएमए तयार. पद्धत बदलल्याची कागदपत्रं झालेली होती. टेस्ट चालू होत्या, माल पास होत होता, कारण त्या टेस्ट एनडीएमए शोधण्यासाठी नव्हत्याच, जे शोधतच नाही ते सापडणार कसं. हा प्रश्न बदल मंजूर करताना, फॅक्टरीत एक थेंबही पडायच्या आधी, कुणीतरी रसायनशास्त्र जाणणाऱ्याने विचारायला हवा होता. त्यानंतर नियामकांनी सगळ्याच कंपन्यांना आपापल्या औषधांत एनडीएमएसारखे नायट्रोसअमाईन होऊ शकतात का ते तपासायला लावलं, आणि ते काम अजून पुरतं संपलेलं नाही.

नियामकाच्या इन्स्पेक्शनची धास्ती वेगळी असते, एफडीएचा फॉर्म ४८३, म्हणजे इन्स्पेक्शनमध्ये दिसलेल्या त्रुटींची यादी, हातात पडला, उत्तर समाधानकारक नसेल तर वॉर्निंग लेटर, पुढे मालाला अमेरिकेत यायलाच बंदी. त्यामुळे इन्स्पेक्शनच्या आधी भिंती रंगवल्या जातात, ऑपरेटरना उत्तरं पाठ करून घेतली जातात. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं. एसओपीतलं वाक्य जसंच्या तसं येतं, नंबरासकट.

म्हणून जुने ऑडिटर एसओपी विचारतच नाहीत. ते ऑटोक्लेव्हपाशी जाऊन उभे राहतात, सायकल चालू असते, आणि ऑपरेटरला साधंच विचारतात, दादा, इथे तापमान कमी दिसलं आणि तिकडचा प्रेशरचा काटा बरोबर असला तर तुम्ही काय करता? कुणी मागे उभ्या सुपरवायझरकडे बघतं. कुणी म्हणतं, तो सेन्सर जरा असाच आहे सर, मधेच कमी दाखवतो. मग ऑडिटर वही उघडतो आणि त्या सेन्सरचं कॅलिब्रेशन रेकॉर्ड, म्हणजे तो बरोबर दाखवतो का ते तपासल्याची नोंद, मागवतो.