सशाला पाणी पाजलं की तो मरतो?

‘सशाला पाणी द्यायचं नाही, पाल्यातून मिळतं तेवढं पुरतं’ हा सल्ला ससा विकणारेच देतात. तो साफ चुकीचा आहे. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 150 मिली पाणी लागतं; उन्हाळ्यात जास्तच. ओला पाला भरपूर खाणारा ससा कमी पितो, त्यावरूनच हा समज पसरला असावा. घातक असते ती आंघोळ. भिजलेला ससा गारठतो, घाबरतो.

सशाचं मुख्य अन्न वाळलं गवत. पाणी तुटलं की तो गवत सोडतो, आतडी मंदावतात, लेंड्या बारीक आणि कोरड्या होतात. शिवाय जादा कॅल्शियम ससा लघवीवाटे टाकतो. पाणी कमी पडलं की ते मूत्राशयात गाळासारखं साचतं आणि लघवी पातळ येण्याऐवजी पेस्टसारखी दाट येते. अशा सशाला रोज लसूणघास, म्हणजे भरपूर कॅल्शियमचा हिरवा चारा, घालणं म्हणजे आगीत तेल.

पाण्यासाठी पिंजऱ्याला टांगायच्या नळीच्या बाटलीपेक्षा चिनीमातीचं जड, पसरट भांडं बरं; प्लास्टिकचं तो दातांनी उचलून उलटं करतो. बाटलीच ठेवायची तर नळीतली गोळी रोज बोटाने दाबून पाहा, ती अडकते. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल तर थेट पशुवैद्य गाठा.