जवारीच्या दाण्यांतून निघालेली मूळ संख्या

यवतमाळकडच्या खेड्यांत मूळ संख्या शिकवायला चिंचोके पुरतात. बारा चिंचोके तीन-तीनच्या किंवा चार-चारच्या ओळींत नीट बसतात. तेरा मात्र एका लांब ओळीशिवाय कुठेच बसत नाहीत, आणि पोट्टे बराच वेळ खटपट करून पाहतात.

पुढची गंमत जवारीची. अंगणात घरं आखा. पहिल्यात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत जा. पाच घरांची बेरीज ३१, सातांची १२७, दोन्ही मूळ. अकरा घरांची २०४७ मात्र २३ × ८९ निघते, म्हणजे घरांचा आकडा मूळ असला तरी बेरीज मूळ असेलच असं नाही.

या बेरजांचा नाद फ्रान्समधल्या मरीन मर्सेन या धर्मगुरूला होता. २५७ पर्यंत किती घरं घेतली की बेरीज मूळ येते, याची यादी त्याने १६४४ साली दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यातले ३१ ऑयलरने १७७२ साली सिद्ध केलं. १८७६ मध्ये एद्वार ल्युकासने १२७ खरं आणि ६७ खोटं ठरवलं. ६७ घरांच्या बेरजेचे अवयव कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. यादीतलं २५७ही चुकीचंच होतं.

मर्सेनच्या हातून सुटलेल्या आकड्यांपैकी ६१ मला सगळ्यांत जवळचा वाटतो. १८८३ मध्ये ६१ घरांची बेरीज मूळ असल्याचं दाखवलं इव्हान पेर्वुशिन यांनी, रशियातल्या एका खेड्यातल्या पाद्र्याने. ती संख्या २३०५८४३००९२१३६९३९५१, एकोणीस अंकी. यंत्राशिवाय, खेड्यात बसून एवढी आकडेमोड! ८९ आणि १०७ त्यानंतर, विसाव्या शतकात सापडले.

एवढी मोठी संख्या तपासायची कशी? प्रत्येक अवयवाने भागून पाहणं अशक्यच. ल्युकासच्या विचारावर पुढे लेहमरने सुटसुटीत रीत बसवली. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची, मग त्या बाकीवर हेच पुन्हा पुन्हा करायचं. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, १३,६२,७९,८४१ घरांची आणि ४,१०,२४,३२० अंकांची संख्यासुद्धा अखेर याच रीतीने पडताळली गेली.

सात घरांच्या १२७ या बेरजेसाठी ती रीत फळ्यावर मावते. ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ६७, मग ४२, मग १११. १११ चा वर्ग १२३२१, त्यातून २ गेले की १२३१९, आणि १२७ × ९७ बरोबर तेवढेच. पाच पायऱ्यांत शून्य. ६१ घरांसाठी अशाच ५९ पायऱ्या लागतात, आणि मधले वर्ग सदतीस अंकांपर्यंत जातात.