वय धरायचे ते घटनेच्या दिवसाचे

‘खटला चालू असताना मुलगा अठरा वर्षांचा झाला, की त्याला मोठ्यांच्याच कोर्टात उभे करतात,’ असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. निकाल लांबतात, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २(१३) नुसार गुन्हा घडला त्या दिवशीचे वयच धरले जाते आणि कलम ९ प्रमाणे घटनेच्या वेळी आपण अठरा वर्षांखालील होतो असा दावा अंतिम निकालानंतरही करता येतो. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर खटला बाल न्यायालयाकडे जाऊ शकतो, पण त्याआधी बाल न्याय मंडळाने प्राथमिक मूल्यमापन, म्हणजे मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज यांची तपासणी, करावेच लागते. पडताळणीसाठी शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख एफआयआरमधील घटनेच्या तारखेशी ताडून पाहावी. कलम ९४ नुसार तो दाखला नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला चालतो, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी होते.