‘टेन्शन घेऊ नका, होईल’: एका सल्ल्याची पूर्वपीठिका

मूल होत नसलेल्या जोडप्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल.’ सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण वाक्य उलटं करून बघा: होत नाही, कारण तुम्ही टेन्शन घेता. हा ठपका आजचा नाही.

फार मोठा काळ जोडप्याच्या मनाचा विचारच नव्हता, सगळा रोख बाईच्या शरीरावर होता. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत एक परीक्षा सांगितली आहे. बाईला कपड्यात गुंडाळायचं आणि खालून सुगंधी द्रव्यं जाळायची. वास अंगातून वर नाकातोंडापर्यंत पोचला तर तिला मूल होऊ शकतं. नवऱ्याला अशी धुरी दिल्याचं त्या सूत्रात नाही. १६७७ मध्ये डच संशोधक लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले, तरी दोष बायकोच्याच पदरात राहिला. आपल्या भाषेनेही वेगळं काही केलेलं नाही. ‘वांझ’ म्हटलं की बाईच डोळ्यांपुढे येते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मनाकडे लक्ष गेलं, पण आरोपी म्हणून. तपासण्यांत काही सापडलं नाही की कारण बाईच्या मनात शोधलं जाऊ लागलं: तिला आतून मातृत्वाची भीती आहे, आईशी तिचं जमत नाही, वगैरे. मनोविश्लेषक थेरेस बेनेडेक यांनी १९५२ मध्ये वंध्यत्वाला चक्क ‘बचाव’ म्हटलं. म्हणजे मूल हवं म्हणून दारोदार फिरणाऱ्या बाईला तुला ते नकोच आहे असं सांगायचं! पुढे संप्रेरकांच्या तपासण्या आणि लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) आल्या, शारीरिक कारणं दिसू लागली आणि या सिद्धांताचा जोर ओसरला. घरोघरच्या सल्ल्यात मात्र तो टिकून राहिला.

उलट्या दिशेने, म्हणजे मूल न होण्याचा मनावर काय परिणाम होतो हे पाहायला भाग पाडलं ते बार्बरा मेनिंग या अमेरिकन परिचारिकेने. त्यांना स्वतःलाच हा अनुभव होता. १९७४ मध्ये त्यांनी ‘रिझॉल्व्ह’ ही आधारसंस्था सुरू केली. धक्का, नकार, राग, एकटेपणा, अपराधीपणा, शोक या क्रमाने त्यांनी जोडप्यांची अवस्था मांडली. शोक हा शब्द मला इथे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे कोणी गेलेलं नसतं, म्हणून भेटायलाही कोणी येत नाही.

२५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन ही जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तिच्या आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या आणि नऊ वर्षं वाट पाहून झाली होती. मन कितीही शांत ठेवलं असतं तरी त्या उघडल्या नसत्या. आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याच्या या उपचाराने, आशा दिली, तसं दुःखाचं वेळापत्रकही दिलं. ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) झाल्यावर बीटा रिपोर्टपर्यंतचे, म्हणजे गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीपर्यंतचे, ते साधारण दोन आठवडे आठवा. जरा पोटात दुखलं तरी अर्थ लावायचा, बाथरूममध्ये जाताना धास्ती, आणि रिपोर्टच्या दिवशी फोन वाजला की तो कोणी उचलायचा यावर दोघांची नजरानजर.

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका आयव्हीएफ केंद्रातल्या २०० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मूल न होणं हाच आयुष्यातला सगळ्यात क्लेशदायक अनुभव, असं ४९ टक्के बायकांनी सांगितलं. पुरुषांत १५ टक्क्यांनी. पुरुषांना खरंच कमी लागतं, की ते बोलत नाहीत? वीर्याच्या नमुन्याची डबी हातात घेऊन बंद खोलीत बसलेल्या माणसाला तेव्हा फारसं कोणी विचारतही नव्हतं. १९९० च्या ब्रिटिश कायद्याने अशा उपचारांआधी बाईला आणि तिच्या जोडीदाराला समुपदेशनाची संधी देणं बंधनकारक केलं. १९९३ मध्ये संशोधक अ‍ॅलिस डोमार आणि सहकाऱ्यांना मूल होत नसलेल्या बायकांमधलं नैराश्य आणि चिंता कर्करुग्णांच्या तोडीची आढळली.

आणि टेन्शनचं काय? संशोधक जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १४ अभ्यास, ३,५८३ स्त्रिया एकत्र घेऊन पाहिलं. उपचारांआधी मनावर किती ताण आहे यावरून उपचारांच्या त्या सायकलमध्ये (फेरीत) गर्भ राहील की नाही हे ठरत नव्हतं. निष्कर्ष उपचारांच्या सायकलपुरताच आहे, पण ‘रडलीस म्हणून फेल गेलं’ असं म्हणायला आता आधार नाही. त्याच वर्षी बॉइव्हिन यांच्याच पुढाकाराने तयार झालेली मूल न होण्याचा जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजणारी ‘फर्टिक्यूओएल’ ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली. भावना, शरीर, नातं, समाज असे तिचे भाग आहेत, आणि ती नवऱ्याने वेगळी भरायची, बायकोने वेगळी.