न्यायालयाच्या आदेशाने होणारी मानसिक तपासणी आणि किशोरवयीनांचे हक्क : अमेरिकेतील पार्श्वभूमी

खटला सुरू असलेल्या किशोरवयीन मुलाची मानसिक तपासणी करण्याचा आदेश अमेरिकेतील न्यायालये वर्षानुवर्षे देत आली आहेत. त्या तपासणीत मुलाला गप्प राहता येते का, त्याचे बोलणे कोणाच्या हाती पडते आणि वकिलाला आधी कळवले जाते का, या गोष्टींना मात्र दीर्घकाळ हक्काचे प्रश्न मानले गेले नाही. याचे मूळ बाल न्यायालयाच्या स्थापनेतच सापडते.

इलिनॉय राज्याच्या कायद्यानुसार १८९९ मध्ये शिकागोत पहिले बाल न्यायालय सुरू झाले. वाट चुकलेल्या मुलाला राज्याने पालकाच्या नात्याने सावरावे, अशी त्यामागची धारणा असल्यामुळे वकील, उलटतपासणी यांना तिथे फारसे स्थान नव्हते. १९०९ मध्ये डॉ. विल्यम हीली यांनी त्याच न्यायालयाच्या कामासाठी मुलांची मानसिक तपासणी करणारी संस्था उभी केली. निकाल देण्याआधी मूल समजून घ्या, हा हीली यांचा आग्रह आजही मोलाचा आहे. परंतु जी तपासणी मुलाच्या भल्यासाठीच होते तिच्यापासून त्याला संरक्षण कशाला हवे, असा समजही याच काळात रुजला.

या समजाला पहिला धक्का १९६६ मधील केंट खटल्याने दिला. राजधानी वॉशिंग्टनमधील केंट या १६ वर्षांच्या मुलाच्या वकिलाने सुनावणी मागितली होती, न्यायालयाकडील सामाजिक अहवाल (मुलाच्या घरच्या व इतर पार्श्वभूमीची नोंद) पाहायला मागितले होते आणि मुलाची मानसिक स्थिती तपासावी अशीही विनंती केली होती. न्यायाधीशांनी यांपैकी कशाचीही दखल न घेता प्रकरण प्रौढांच्या न्यायालयाकडे सोपवले. सुनावणी, अहवाल पाहण्याची मुभा आणि निर्णयाची कारणे यांशिवाय असे करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढच्याच वर्षी गॉल्ट खटल्याचा निकाल लागला. ॲरिझोनातील १५ वर्षांच्या मुलाला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. त्याच कृत्यासाठी प्रौढाला जास्तीत जास्त दोन महिने कैद झाली असती. या निकालाने मुलांना वकिलाचा आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क मिळाला. मात्र तो मुलाने कृत्य केले की नाही हे ठरवणाऱ्या सुनावणीपुरताच होता. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांवर न्यायालयाने मत दिले नाही, आणि मानसिक तपासणी बहुधा याच टप्प्यांवर होते.

ही उणीव ज्या निकालाने ठळक केली, तो १९८१ चा एस्टेल विरुद्ध स्मिथ खटला प्रौढ आरोपीचा होता. आरोपी खटल्याला सामोरा जाण्यास सक्षम आहे का, एवढेच पाहण्यासाठी टेक्सासमधील मानसोपचारतज्ज्ञाने तुरुंगात त्याच्याशी सुमारे ९० मिनिटे बोलणे केले, आणि तेच बोलणे पुढे फाशीच्या मागणीसाठी वापरले गेले. गप्प राहता येते आणि बोललेले आपल्याविरुद्ध वापरले जाऊ शकते, याची आरोपीला पूर्वसूचना नव्हती, वकिलालाही या तपासणीच्या व्याप्तीची कल्पना दिली नव्हती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली. बचाव पक्षानेच मानसिक स्थितीचा मुद्दा पुढे आणला तर हे संरक्षण आकसते, हे १९८७ च्या बुकॅनन खटल्यात स्पष्ट झाले. मुलाच्या वकिलाने तपासणीला होकार देण्याआधी विचार करावा तो यासाठीच.

किशोरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तपासणाऱ्या तज्ज्ञाचा अहवाल न्यायाधीशांकडे जातो, तरीही आपल्या घराविषयी, व्यसनाविषयी, घटनेच्या रात्रीविषयी आपुलकीने विचारणारी व्यक्ती मुलाला उपचार करणाऱ्या डॉक्टरसारखीच वाटते. मानसशास्त्रज्ञ थॉमस ग्रिसो यांच्या १९८० च्या सुमारच्या संशोधनात १५ वर्षांखालील बहुतेक मुलांना पोलिसांनी सांगितलेले गप्प राहण्याचे व वकिलाचे हक्क नीट उमगत नसल्याचे दिसले. २००३ च्या एका मोठ्या अभ्यासात ११ ते १३ वयोगटातील सुमारे एक तृतीयांश मुलांची खटला समजण्याची क्षमता गंभीर मनोविकार असलेल्या प्रौढांइतकी कमी आढळली. हक्कांच्या सूचनेच्या कागदावर सही घेतली म्हणजे मुलाला ती समजली, असे त्यामुळे धरता येत नाही.

पुढे अनेक राज्यांनी, सक्षमतेच्या तपासणीत मूल जे बोलेल ते आरोप सिद्ध करण्यासाठी वापरता येणार नाही, असे कायदे केले. प्रौढांच्या न्यायालयात वर्ग करण्यासाठी किंवा शिक्षेचे स्वरूप ठरवण्यासाठी होणाऱ्या तपासण्यांना मात्र असे संरक्षण सर्वत्र सारखे मिळालेले नाही.