टोपातला भात कधी निवतो?

फ्राइड राईससाठी भात आधी निवलेला लागतो, हे चायनीज बनवणाऱ्या प्रत्येक कुकला ठाऊक असतं. गरम भात कढईत टाकला की त्याचा लगदा होतो. भात थंड होताना त्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरून बसतात, दाणा टणक होतो, वरचा ओलावा उडतो आणि मग तो मोठ्या आचेवर मोकळा परतला जातो. म्हणून पुष्कळ हॉटेलांच्या भटारखान्यात दुपारीच टोपभर भात शिजवून ठेवतात. माझ्या मते, भटारखान्यातली सर्वांत जोखमीची जागा म्हणजे कोपऱ्यात झाकून ठेवलेला हा टोप. तिथे आग नाही, सुरी नाही, त्यामुळे कुणाचं लक्षही नाही.

तांदळावर 'बॅसिलस सिरियस' नावाचा मातीतला जिवाणू बीजाणूंच्या रूपात असू शकतो. भात शिजताना साधे जिवाणू मरतात, पण जाड कवचाचे बरेच बीजाणू तग धरतात. भात कोमट झाला की ते रुजतात, आणि ३० अंश सेल्सिअसच्या आसपास जोमानं वाढतात. मुंबईतल्या कुठल्याही भटारखान्यात एवढं तापमान एरवीही असतंच. या जिवाणूचे काही प्रकार वाढताना भातात सेरुलाइड हे विष सोडतात. १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी ते टिकतं. संध्याकाळी कढईत जिवाणू मरतील, विष मात्र ताटात येईल आणि अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतील. भाताला वास येईलच असं नाही, त्यामुळे कुकचं अनुभवी नाकही इथे उपयोगी पडत नाही.

१९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी रेस्टॉरंटांतला फ्राइड राईस खाऊन लोक आजारी पडल्याच्या घटना लागोपाठ नोंदल्या गेल्या. तिथले कुक शिजलेला भात फ्रीजबाहेरच ठेवत. फ्रीजमध्ये त्याचे गोळे होतात, ही त्यांची तक्रार होती.

मग भात लवकर निववायचा कसा? टोपातल्या भाताची उष्णता आतून बाहेर सरकत येते, आणि थराची जाडी दुप्पट झाली की त्यासाठी लागणारा वेळ साधारण चौपट होतो. वरून हात लावावा तर गार, मध्यभागी मात्र तासन्‌तास कोमट. असा टोप फ्रीजमध्ये ढकलला तरी मधला भात लवकर निवत नाही, उलट शेजारचं दूध आणि पनीर तापतं. तोच भात उथळ ट्रेमध्ये दोन इंचांहून पातळ पसरून पंख्याखाली ठेवला की चित्र पालटतं. घरी पुलावासाठी आपण भात परातीत मोकळा करतो, त्यात हेच भौतिकशास्त्र आहे. असा भात चिकटतही कमी, म्हणजे चव आणि सुरक्षितता दोन्ही साधतात.

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या केटरिंगसाठीच्या तपासणी यादीत हे आकड्यांत मांडलं आहे: जोखमीचं अन्न ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या दोन तासांत यावं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात जागा दहा बाय बाराची, ट्रे पसरायला ओटा मोकळा नाही, वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि काम शिकलेला पोऱ्या दोन महिन्यांत दुसरीकडे गेलेला. दुपारची गर्दी ओसरली की सगळे थकलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच हे काम करायचं असतं. म्हणूनच डोक्यावरच्या टोप्या आणि चकचकीत फरशीपेक्षा मी आधी एक गोष्ट विचारेन: तुमच्याकडे अन्नात खुपसायचा थर्मामीटर आहे का, आणि त्यावरच्या तापमानाची नोंद कोण ठेवतं?

मटणाच्या रश्श्याचं गणित थोडं वेगळं आहे. मोठ्या पातेल्यात सावकाश निवणाऱ्या रश्श्यात 'क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स' हा दुसरा जिवाणू वाढतो. ४३ ते ४५ अंशांना त्याची संख्या जेमतेम दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. तो आपलं विष मुख्यतः आतड्यात पोहोचल्यावर तयार करतो, त्यामुळे रस्सा पुन्हा गरम करताना मध्यापर्यंत ७५ अंशांना दोन मिनिटं तापवण्याच्या नियमाचा तिथे खरोखर उपयोग होतो. सेरुलाइडवर या नियमाचा काही परिणाम होत नाही. तासन्‌तास टोपात राहिलेला भात टाकूनच द्यावा लागतो, आणि तो टाकण्याची मुभा मालकानं कुकला आधीच देऊन ठेवायला हवी.